नदीपार-साधने व छावणी, दख्खनच्या पठारावरील

दख्खनच्या पठारावरील पावसाळी नद्या ओलांडण्याची साधने, नदीकाठी मुक्काम करण्याच्या रीती आणि या दोहोंची निगा व सुरक्षितता यांविषयीचा परंपरागत व्यवहार. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे धाराशिव (२०२३ पर्यंत उस्मानाबाद) जिल्हा आणि त्याच्या आसपासचा भीमा, सीना, मांजरा व गोदावरी या नद्यांच्या खोऱ्यांतील प्रदेश विचारात घेतला आहे. या विषयाच्या इतिहासातून एक गोष्ट ठळकपणे दिसते. या प्रदेशात नदीने घडविलेले मोठे अनर्थ साधनांच्या अभावामुळे घडले त्यापेक्षा अधिक, साधनांची निगा, ऋतूचे भान आणि स्थानिक माहिती यांकडे झालेल्या दुर्लक्षामुळे घडले.

भौगोलिक पार्श्वभूमी : धाराशिव जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगेवर व तिच्या उतारांवर वसलेला असून गोदावरी व कृष्णा या दोन मोठ्या नदीप्रणालींचा जलविभाजक या जिल्ह्यातून जातो. तेरणा ही मांजरेस मिळते व मांजरेचे पाणी गोदावरीत जाते. पश्चिमेकडील परंडा भागातील सीना व नळदुर्गजवळून वाहणारी बोरी या नद्या भीमेस मिळतात. वर्षातील बहुतेक काळ या नद्यांची पात्रे उथळ वा कोरडी असतात. मात्र पाणलोटाच्या वरच्या भागात मोठा पाऊस झाला, की खाली आभाळ निरभ्र असतानाही काही तासांत पूर येऊ शकतो. काळ्या मातीचे काठ पावसात चिकट व निसरडे होतात आणि गाडीची चाके आसापर्यंत रुततात.

यामुळे येथील नद्या वाहतुकीचे मार्ग कधीच बनल्या नाहीत. पेरिप्लस या इ. स. पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात तगर (सध्याचे धाराशिव जिल्ह्यातील तेर) येथील माल गाड्यांवर लादून बिकट वाटांनी भडोचच्या बंदराकडे नेला जात असल्याचा उल्लेख आहे. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणपासून पूर्वेस तगर दहा दिवसांच्या वाटेवर, असे अंतर त्यात दिले आहे. तेर तेरणेकाठी असूनही तेथील व्यापाऱ्याला नदीचा उपयोग पिण्याच्या पाण्यापुरता व धुण्यारंगविण्यापुरता होता. माल नेताना नदी हा अडथळाच होता. उत्तर अमेरिकेतील कॅनडाच्या सरोवरांच्या प्रदेशात याच्या उलट स्थिती होती. तेथे लोकरी कातड्यांचा व्यापार भूर्ज वृक्षाच्या सालीच्या हलक्या होड्यांतून जलमार्गाने चाले आणि होडी हे प्रवाशाचे वर्षानुवर्षे जपण्याचे वाहन असे. दख्खनमध्ये पार जाण्याचे साधन बहुधा गरजेपुरते, जागेवरच तयार केले जाई व पूर ओसरल्यावर मोडून ठेवले जाई. साधन तात्पुरते असल्यामुळे त्याची तपासणी व निगा यांस येथे अधिकच महत्त्व होते.

साधने : कौटिलीय अर्थशास्त्रात सैन्याने पाणी ओलांडण्याची साधने सांगताना हत्ती, खांबांवरील पूल, बांध, नावा, लाकडांचे व बांबूंचे भारे यांबरोबरच भोपळे, चामडे मढविलेल्या टोपल्या, हवा भरलेल्या पखाली व तराफे यांचा निर्देश केला आहे. यांतील बहुतेक साधने दख्खनमध्ये विसाव्या शतकापर्यंत कोठे ना कोठे वापरात होती.

सर्वांत साधे साधन म्हणजे वाळलेला दुधी भोपळा. तो पाठीस किंवा काखेखाली बांधून एकटा माणूस पोहत पार जाई. विहिरीत पोहावयास शिकणाऱ्या मुलांच्या पाठीस भोपळा किंवा पांगाऱ्याचे हलके लाकूड बांधण्याची ग्रामीण महाराष्ट्रातील रीत याच प्रकारची होय. दोन होड्या किंवा ओंडके शेजारी-शेजारी बांधून केलेल्या तरंगत्या साधनास सांगड म्हणत. भोपळ्यांच्या जोडीसही हाच शब्द वापरीत. बाजेखाली किंवा बांबूंच्या चौकटीखाली रिकाम्या घागरी पालथ्या बांधूनही तराफा करीत. उसाच्या पट्ट्यात गूळ आटविण्याची लोखंडी काहील पुराच्या वेळी होडीसारखी वापरली जाई. काहिलीचा तळ रुंद असल्याने ती तरते. मात्र माणूस उभा राहिला किंवा एका काठाशी सरकला की ती तत्काळ कलते.

कृष्णा व तुंगभद्रा यांच्या खोऱ्यांत चामडे मढविलेली गोल टोपली हे प्रमुख साधन होते. तीस कन्नडमध्ये हरिगोलू म्हणतात. विजयानगरास सु. १५२० मध्ये आलेला पोर्तुगीज प्रवासी दोमिंगो पाइश याने या टोपल्यांचे वर्णन केले आहे. आतून वेत व बाहेरून चामडे अशी त्यांची रचना असून त्यांत पंधरा-वीस माणसे बसत. गरज पडल्यास घोडे व बैलही त्यांतून नेत, परंतु जनावरे बहुधा पोहूनच पार जात. टोपली वल्हविताना सतत गरगर फिरते, हेही त्याने नोंदविले आहे. तिला नाळ व कणा नसल्याने ती सरळ जात नाही; पण त्यामुळेच ती खडकाळ उथळ पात्रात अडकत नाही व आपटली तरी सहसा फुटत नाही.

ही साधने चालविण्याचे काम प्रायः कोळी, भोई व कर्नाटकाच्या बाजूस अंबिग या समाजांकडे असे. बाराव्या शतकात कल्याण (बसवकल्याण) येथे बसवेश्वरांच्या समकालीन शरणांमध्ये अंबिगर चौडय्या हा नावाडी वचनकार होता. पंढरपूर येथे चंद्रभागेतील होड्या कोळी समाजाकडे परंपरेने आहेत. उतार कोठे आहे, पूर किती चढला म्हणजे तो बंद होतो आणि वाळू कोणत्या बाजूस सरकली आहे, याची माहिती याच लोकांना असे.

निगा : चामड्याच्या टोपलीचे आयुष्य चामड्याच्या निगेवर अवलंबून असते. चामडे सतत भिजत राहिल्यास सडते व शिवण उसवते. कडक उन्हात पडल्यास ताठरते व भेगाळते. म्हणून दिवसाचे काम संपताच टोपली काठावर ओढून पालथी घालीत, सावलीत सुकवीत आणि चामड्यास तेल वा चरबी चोळीत. बांबूची वीण तुटली असल्यास ती पाण्यात लोटण्यापूर्वीच दुरुस्त करणे आवश्यक असे, कारण तुटलेल्या कामटीचे टोक आतून चामड्यास भोक पाडते. पुढील काळात चामड्याऐवजी डांबर लावलेले कापड व प्लॅस्टिक आणि अलीकडे काचतंतू यांचा वापर होऊ लागला. पण पालथी घालून सुकविण्याची रीत टिकून आहे. कॅनडातील होडीवाहकही रोज संध्याकाळी होडी रिकामी करून काठावर पालथी घालीत, सालीच्या सांध्यांना गळती असल्यास राळ लावीत आणि त्याच पालथ्या होडीच्या आडोशाने झोपत. हजारो मैल दूर असलेल्या या दोन व्यवहारांतील साम्य अनुकरणातून आलेले नाही. ओल्या वस्तूच्या गरजेतून ते आलेले आहे.

भोपळे व घागरी यांची परीक्षा पाण्यात दाबून करीत. बुडबुडा निघाल्यास ती वस्तू बाजूस काढीत. ताग व अंबाडी यांचे दोर भिजले की आखडतात व वाळले की सैल पडतात. त्यामुळे कोरड्या दोरांनी बांधलेला तराफा मध्यावर गेल्यानंतर त्याच्या गाठी पुन्हा पाहाव्या लागत. तंबूच्या तणाव्यांसही हाच नियम लागू असे. पाऊस येण्याचा संभव दिसताच तणावे थोडे सैल करीत. अन्यथा ते आखडून मेखा उपटत किंवा कापड फाटे. तंबूचे सुती कापड ओले असतानाच गुंडाळल्यास दोन-तीन दिवसांत त्यास बुरशी लागते. पावसाळ्यात रोज मुक्काम हलविणाऱ्या सैन्यास कापड सुकविण्यास अवधी मिळत नसे आणि भिजलेल्या तंबूचे वजन वाहणाऱ्या जनावरांवर पडे.

ही निगा ऋतुचक्राशी जोडलेली होती. आश्विन शुद्ध नवमीस, म्हणजे खंडेनवमीस, शस्त्रे व अवजारे बाहेर काढून, गंज घासून, तेल लावून पूजण्याची प्रथा आहे. तुळजापूर येथील भवानीच्या नवरात्राची ही सांगता असते व दुसऱ्या दिवशी विजयादशमीस सीमोल्लंघन होते. पावसाळ्यानंतरची साधनांची वार्षिक तपासणी म्हणूनही या प्रथेकडे पाहता येते. कोकणात नारळी पौर्णिमेपूर्वी ओढून ठेवलेल्या होड्यांची डागडुजी होते, ती याच स्वरूपाची होय.

नियम व जबाबदारी : अर्थशास्त्रातील नावध्यक्षाच्या प्रकरणात नदी ओलांडण्याविषयीचे नियम दिले आहेत. हिवाळ्या-उन्हाळ्यातही नावेनेच ओलांडाव्या लागणाऱ्या मोठ्या नद्यांवर मोठ्या नावा आणि केवळ पावसाळ्यात वाहणाऱ्या लहान नद्यांवर लहान नावा ठेवाव्यात, असे त्यात सांगितले आहे. मोठ्या नावेवर प्रमुख, सुकाणू सांभाळणारा, विळा व दोर धरणारा आणि आत आलेले पाणी उपसणारा अशी माणसे नेमावयाची असत. अडकलेला दोर तत्क्षणी कापता आला पाहिजे आणि पाणी उपसण्याचे काम कोणाचे हे आधीच ठरलेले असले पाहिजे, हे तत्त्व आजच्या नौकांनाही लागू पडते. अवेळी किंवा ठरलेल्या घाटाखेरीज अन्यत्र नदी ओलांडणारास दंड होता. पुरेशी माणसे वा उपकरणे नसलेली अथवा डागडुजी न केलेली नाव बुडाल्यास झालेली हानी नावध्यक्षाने भरून द्यावी, हा त्यांतील सर्वांत महत्त्वाचा नियम होय. बुडालेल्यांच्या दैवास बोल न लावता साधनाची निगा राखण्याची जबाबदारी त्यात अधिकाऱ्यावर टाकली आहे.

छावणी : मोगल बादशाही छावणीचा विस्तार मोठा होता. आईन-इ-अकबरीत दिल्याप्रमाणे ती वाहून नेण्यास १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या व १०० भारवाहक लागत. शिवाय १,००० फर्राश, ५०० बेलदार, १०० भिस्ती आणि ३० चर्मकार, तसेच सुतार, तंबू शिवणारे व मशालजी मिळून ५० जण नेमलेले असत. डेऱ्यांचे दोन संच असून एक संच पुढील मुक्कामावर आगाऊ पाठविला जाई, त्यास पेशखाना म्हणत. मराठी फौजेचा सरंजाम याच्या तुलनेने अत्यल्प असे. कृष्णाजी अनंत सभासद याच्या बखरीवरून (१६९७) असे दिसते, की शिवाजी महाराजांची फौज पावसाळ्यात छावणीस परत येई. तेथे दाणा, वैरण, औषधे व शाकारलेली घरे सिद्ध असत आणि दसऱ्यास ती पुन्हा बाहेर पडे. नद्यांना पूर असण्याचा काळ आणि फौज घरी असण्याचा काळ असा जुळविलेला होता.

छावणीतील सुरक्षिततेविषयी महाराजांचे चिपळूण भागातील लष्करी अधिकाऱ्यांस मे १६७३ मध्ये पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व गवत आत्ताच संपविल्यास पुढे घोडी मरतील व लोक रयतेस उपद्रव देतील, असा इशारा त्यात आहे. त्याचप्रमाणे वारा न पाहता चूल पेटविणे, तंबाखू ओढणे व रात्री दिवा तसाच ठेवणे यांतील धोका सांगितला असून, उंदराने जळती वात ओढून नेली तरी गवताची गंज पेटू शकेल, इतक्या बारकाईने सूचना दिल्या आहेत. आगीविषयीची ही दक्षता पावसाळी छावणीस विशेष लागू होती, कारण गंज जळाल्यास चार महिने दुसरे गवत मिळण्याची शक्यता नसे.

ऐतिहासिक प्रसंग : ऋतूचे भान राखणे व न राखणे यांची उदाहरणे या प्रदेशाच्या इतिहासात विपुल आहेत. १६३४ मध्ये मोगलांनी परंडा किल्ल्यास वेढा घातला. परंतु चारा-सरपणाची टंचाई, सरदारांतील बेबनाव आणि जवळ आलेला पावसाळा यांमुळे मे महिन्यात वेढा उठवून ते बुऱ्हाणपुराकडे परतले. मोहिमेच्या दृष्टीने हे अपयश असले, तरी सैन्य सुरक्षित राहिले. ऐन पावसाळ्यात डेरे हलविण्याचा किंवा नदीपात्रालगत ठेवण्याचा परिणाम औरंगजेबाच्या अखेरच्या मोहिमांत दिसून आला. भीमेकाठी ब्रह्मपुरी (मंगळवेढ्याजवळ, औरंगजेबाने दिलेले नाव इस्लामपुरी) येथे १६९५ ते १६९९ या काळात त्याचा मुख्य तळ होता. १६९७ च्या पावसाळ्यात भीमेच्या पुराने छावणीची मोठी हानी केली. तथापि १७०० मध्ये सांगोल्याजवळील खवासपूर येथे माण नदीच्या काठी व कोरड्या पात्रात पुन्हा तळ पडला. १ ऑक्टोबर १७०० च्या मध्यरात्री वरच्या भागातील पावसाने नदीस अकस्मात पूर येऊन छावणी पाण्यात बुडाली. कोलाहल ऐकून मराठ्यांचा छापा पडला अशा समजुतीने औरंगजेब घाईने उठला व पडला. त्याचा उजवा गुडघा निखळला आणि तो कायमचा लंगडा झाला. बादशाहाच्या दुखापतीची नोंद इतिहासाने ठेवली. पात्रात झोपलेल्या बाजारबुणग्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. १७०२ मध्ये विशाळगड घेतल्यावर पन्हाळ्यापर्यंतचे सु. ४८ किमी. अंतर तोडण्यास याच सैन्यास पावसात ३८ दिवस लागले. त्या काळातील सर्वांत संपन्न छावणीची ही स्थिती होती.

सैन्याचा अर्धा भाग पार गेला असता नदी वाढणे, हा दुसरा मोठा धोका. १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवन (बीड जिल्हा) येथे निजाम अलीची फौज पूर आलेल्या गोदावरीने विभागली गेली. निजाम पलीकडे व त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडे अशा स्थितीत माधवराव पेशवे व रघुनाथराव यांनी हल्ला केला. विठ्ठल सुंदर ठार झाला आणि पलीकडच्या तीरावरून निजामास काहीही साहाय्य करता आले नाही.

१८०३ च्या इंग्रज–मराठे युद्धात आर्थर वेलस्ली याने पावसाळ्यातील नद्यांचा हेतुपूर्वक उपयोग केला. मराठ्यांचे घोडदळ उतारांवर अवलंबून असते. म्हणून आपल्याजवळ टोपल्या असल्यास भरलेली नदी आपल्याच बाजूने असते, असा त्याचा हिशेब होता. चामड्याच्या टोपल्या पावसाळ्यापूर्वीच तयार करवून नद्यांवर ठेवण्याची व्यवस्था त्याने केली. हे तंत्र त्याने युरोपातून आणले नव्हते; ते तुंगभद्रा-कृष्णेच्या नावाड्यांचेच होते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे वाटाड्यांनी पुढे उतार नसल्याचे सांगितले असता, नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर गावे आहेत त्या अर्थी मध्ये उतार असलाच पाहिजे, असे अनुमान त्याने केले व ते खरे ठरले. याउलट १८०४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये कर्नल मॉन्सनच्या फौजेस यशवंतराव होळकरांपुढे मुकुंदऱ्याहून आग्र्यापर्यंत माघार घ्यावी लागली. तिच्या वाटेवरील नद्यांवर नावांची व्यवस्था नव्हती. तोफा चिखलात सोडून द्याव्या लागल्या व फौजेची वाताहत झाली. पुराच्या नदीवर ठाणे व नावा आगाऊ ठेवाव्यात, हा धडा वेलस्लीने या माघारीवरून आपल्या पत्रात नमूद केला आहे.

पाणी अडविणे : नद्यांशी वागण्याचा तिसरा मार्ग नळदुर्ग येथे दिसतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात (कार. १५८०–१६२७) बोरी नदीवर किल्ल्यालगत दगडी बंधारा बांधून त्याच्या पोटात पाणीमहाल करण्यात आला. पावसाळ्यात जादा पाणी ‘नर’ व ‘मादी’ या नावांच्या सांडव्यांवरून कोसळते. पुरास वाट ठेवूनच बांधकाम करावयाचे, हे तत्त्व येथे दगडात उतरलेले आहे. १८५३ ते १८६० या काळात नळदुर्ग जिल्हा इंग्रजांच्या ताब्यात असता तेथे फिलिप मेडोज टेलर (१८५३–५७) हा अधिकारी होता. रस्ते व तलाव यांच्या कामांसाठी तो ओळखला जातो. रस्ते व पूल झाले तसतसे उतार व त्यांवरील नावाड्यांचे काम कमी होत गेले.

आधुनिक काळ : विसाव्या शतकात पूल व धरणे झाल्यामुळे तात्पुरत्या साधनांची गरज घटली. जलाशयांत मासेमारी करणारे लोक ट्रकच्या हवा भरलेल्या रबरी नळ्या व थर्माकोलचे तराफे वापरतात. ते अनुक्रमे जुन्या पखालींचे व भोपळ्यांचे वारस म्हणता येतील. थर्माकोलचे तुकडे पडतात व नळीस काटा लागताच हवा जाते. म्हणून अशा साधनावर जाताना अंगात तरणजाकीट घालणे व एकट्याने न जाणे अगत्याचे असते.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची स्थापना २००६ मध्ये झाली. या दलाच्या हवा भरण्याच्या रबरी नौका मूळ तत्त्वाने पखालीच होत. वापरानंतर त्या गोड्या पाण्याने धुऊन वाळू काढणे, सावलीत पूर्ण सुकविणे, शिवणी व झडपा तपासणे आणि नंतरच गुंडाळणे, ही त्यांची निगा चामड्याच्या टोपलीच्या निगेहून फारशी भिन्न नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने सीना व अन्य नद्यांना पूर येऊन धाराशिव जिल्ह्यातील परंडा व भूम तालुक्यांत अनेक वस्त्या पाण्याने वेढल्या गेल्या. त्या वेळी बचाव पथकांच्या नौका व लष्कराचे हेलिकॉप्टर यांचा उपयोग करावा लागला. एरवी उन्हाळ्यात पायी ओलांडता येणाऱ्या नदीचे हे रूप होते.

कोरड्या पात्रात मुक्काम न करणे, पाणी गढूळ होऊन काडीकचरा वाहू लागताच काठ सोडणे, चढत्या पाण्यात फरशीवरून वाहन न घालणे, दोर व साधन वापरण्यापूर्वी तपासणे आणि उताराविषयी स्थानिक माणसाचा शब्द मानणे, हे नियम या प्रदेशात जुने आहेत. खवासपूरच्या छावणीत डेरे, हत्ती व माणसे यांची वाण नव्हती. यांपैकी पहिला नियम तेवढा पाळला गेला नव्हता.